हिरवी बाई, गुलाबी अळी

वापी,
दि. १४ जुलै २००६

गुलाम नबी चाचा,

जयभीम घ्या, सलाम घ्या, दोन्ही तुमचेच आहेत. जोहराबी चाचीले सलाम. मुस्कानले एक टपली, पण दहावीले गेली म्हणून हळूच.

मी मजेत आहे. काम बदललं. तुम्ही म्हणाल, या पोराचं बूड एका जागी टिकत नाही. सुताच्या कारखान्यात मन लागलं नाही, केमिकलच्या कंपनीत नाक लागलं नाही, म्हणून आता कागदाच्या मिलमध्ये आलो. आपल्या मुकुटबनच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी निघतात ना, तशाच गाठी इथं रद्दीच्या येतात, जहाजानं, परदेशातून. त्यात जुनी इंग्रजी पुस्तकं असतात, खिशात मावतील एवढी. आतला कागद भिजवून लगदा करतात. कव्हरवर प्लास्टिक असते, ते लगद्यात चालत नाही, म्हणून पहिले कव्हर फाडा लागते. दिवसभर बसून कव्हर फाडते तो मी. सातवी नापास पोरगा इंग्रजी पुस्तकं फाडून राह्यला, आपल्या मास्तरले सांगा, त्याले बरं वाटन.

पण चाचा, ते कव्हरवरचे चित्रं! तुम्ही जिंदगीभर बोर्ड रंगवले, ट्रॉलीवर वाघ काढले, सलूनवर हिरो काढला. असं काही तुमच्याही ब्रशातून निघालं नसन. आत काय लिहिलं आहे ते मले वाचता येत नाही, पण बाहेर पाहून वाटते, हे काढणारा माणूस जेवून झोपला असन तव्हा त्याले फार वाईट स्वप्नं पडत असन.

एक सोबत पाठवतो. चहूकडं बर्फ. त्यात एक हिरवीगार अळी, एसटीएवढी, अन् तिले पंख. इथले पोरं म्हणतात हा ड्रॅगन आहे. मी म्हटलं, कायचा ड्रॅगन, ही आमच्या कापसाच्या पऱ्हाटीवरची बोंडअळी आहे, परदेशात जाऊन खाऊन-पिऊन मोठी झाली. अळीवर एक बाई बसली. हातात तलवार, अंगात लोखंडाची चोळी, अन् बस. एवढ्या बर्फात! खाली एक पैलवान तिचा पाय धरून बसला, त्याच्या अंगावर तं तिच्याहूनही कमी. वर दोन चांद. आभाळ वांग्याच्या रंगाचं.

फाडायच्या आधी मी पेंटरची सही शोधतो, सवयच लागली. याची सापडली, अळीच्या शेपटाखाली, मुंगीएवढी. तुमची आठवण आली. तुम्ही पहिले सही करत अन् मंग बोर्ड रंगवत. मी विचारलं होतं काहून, तं तुम्ही म्हणाले, "दुकानदाराचं नाव मोठं, आपलं लहान. पण आपली जागा पहिले धरून ठेवा लागते. खालचा उजवा कोपरा."

सदाशिवरावच्या कृषी केंद्राच्या भिंतीवर अळीच्या औषधाची जाहिरात काढायची आहे असं तुम्ही कळवलं. फ्लेक्स वाऱ्यानं फाटते म्हणून त्यानं पुन्हा तुमाले बोलावलं, मले लय बरं वाटलं. मंग हीच अळी काढा ना. फक्त बाईले लुगडं नेसवा, नाही तं सदाशिवरावची बायको त्याले दुकानातच झोपवन. डबे आता कोण मांडून देते? गुलाबी डावीकडं, पांढरा मंधात, हिरवा उजवीकडं, ते काम माझं होतं.

एक विचारतो. मागचं पत्र मुस्कानच्या अक्षरात काहून होतं? त्यात लिहिलं, हाताले रंग लागला आहे. तुमच्या हाताले कव्हा रंग नव्हता, चाचा?

तुमचा
राजदीप


वापी,
दि. ३ सप्टेंबर २००६

चाचा,

जयभीम, सलाम. हे पत्र मुस्कान वाचून राह्यली, मले माहीत आहे. मुस्कान, सावकाश वाच. गिळू नको काही.

माझ्यासंग मिलमध्ये असणारा हिरासिंग पोळा करून आपल्या मुकुटबनजवळच्या तांड्यावरून परत आला. भाकरी सोडायच्या आधीच हसायले लागला. म्हणे, "राजदीप, तुया उस्तादानं कमाल केली रे! सदाशिवरावच्या भिंतीवर बाई हिरवीगार अन् अळी गुलाबी!" म्हणे, कोणाच्या तरी बकरीनं रंगाचे डबे लवंडवले, दुकानातल्या नोकरानं उचलून ठेवले ते उलटे. सारं गाव पाहायले गेलतं. एक जण म्हणे, बाईनंच औषध पेलं वाटते. त्यावर कोणी हसलं नाही म्हणे. औंदा अळी लागणार नाही म्हणून विकलेल्या बियाण्यालेही अळी लागली, लोकाले हसायले तरी किती येईन. मंग सदाशिवरावच बोलला, "गुलाबी बोंडअळी असतेच ना बाप्पा! बरोबर आहे. राहू द्या."

मी पोट धरून हसलो, खरं सांगतो. मंग हिरासिंग म्हणे, "अन् सही पाह्य ना, सही बाईच्या गुडघ्यावर!"

तिथं माझा घास थांबला.

बकरी डबे लवंडवते. नोकर उलटे ठेवते. पण ब्रश बुडवला की पेंटर डब्यात पाह्यते. अन् तुमची सही आपला कोपरा सोडून आजपर्यंत कुठं गेली नाही.

मी कृषी केंद्राच्या फोनवर चाचीले बोलावून घेतलं. चाचीवर रागावू नका. ती म्हणे, "बेटा, तेरे कू नहीं बताने की कसम डाली है इन्होंने. मैंने कुछ नहीं बताया, हाँ. तूने पूछा, मैं रोई, बस." आता रडण्यावर तं तुम्ही कसम टाकली नव्हती.

तं मले समजलं. बोर्डाचं काम बंद पडलं तव्हा तुम्ही झरीकडं फवारणीले गेलते, पंपातलं औषध डोळ्यात उडालं, पाणी मारून पुन्हा फवारायले लागले. उजवा डोळा गेला. डाव्यानं धुकं दिसते. वर्ध्याच्या डॉक्टरनं सांगतलं की ऑपरेशन केलं तं डावा साफ होऊ शकते, पण बसून राह्यलात तं तोही जाईन. अन् तुम्ही म्हणता, "जेवढं धुकं आहे तेवढं तं माझं आहे. डॉक्टरनं तेही घेतलं तं?" अन् राजदीपले कळवू नका, तो काम टाकून पळत येईन, असंही म्हणता.

तुमचं भेणं खोटं नाही. तुमच्या जागी मी असतो तं घराबाहेरही निघालो नसतो. अन् तुम्ही त्या धुक्यात एवढी मोठी अळी काढली, बकरी आली नसती तं कोणाले समजलंही नसतं. म्हणून मी तुमाले काही समजावत नाही. मी कव्हरं सांगतो.

या पत्रात एक उघडं आहे. मुस्कान, अब्बाचं बोट धर अन् वरच्या अक्षरावर ठेव. लागलं ना, चाचा? उठलेली अक्षरं आहेत, सोनेरी, पाठीमागून दाबून वर काढली. आता बोट खाली आणा. तिथं एक राजा बसला. धड माणसाचं, तोंड मांजराचं. अंग शेंदरी, डोळे तुरीच्या फुलासारखे पिवळे. गळ्यात हार, डोक्यावर मुकुट, अन् मांडीवर एक बुटका माणूस, त्याले तो राजा गोंजारून राह्यला, जसं आपण मांजराले गोंजारतो. त्या माणसाचं तोंड असं की त्याले बरंही वाटते अन् भेवही वाटते. अन् पेंटरनं राजाच्या पंजाले सहा बोटं काढले! त्याच्याही मागं कोणी सदाशिवराव लागला असन, आटप, आटप म्हणून.

मी दिवसभर चित्रं पाह्यतो अन् मनात तुमाले सांगत राह्यतो. दोन महिने झाले. पहिले वाटे, आपल्याले असंच बडबडायची सवय आहे. तुमाले चित्र सांगा लागन, हे कायले माहीत होतं मले?

आता दुसरं. सोबत एक पाकीट आहे, सुईदोऱ्यानं शिवलेलं. आजपर्यंत हजारो कव्हरं हाताखालून गेले, तुमाले धाडलेले दोन मी मागून घेतले, पण हे एक सदऱ्याच्या आत लपवून आणलं. यात काय आहे ते मी सांगत नाही. मुस्कान, तू शिवण उसवू नको. तू पाह्यलं की तुया आवाजात येते, अन् अब्बा आवाजावरून सारं काढून घेतात. एवढंच सांगतो, यात एका जागी एक रंग आहे, त्याचं नाव मले माहीत नाही. हिरवा म्हणावा तं नाही, निळा म्हणावा तं नाही. तुम्ही अन् मी एवढे डबे घोटले, पण तो कधी आपल्याच्यानं बनला नाही. तुम्ही पाह्यल्याशिवाय त्याले नाव नाही. मी ठेवणार नाही, अन् दुसऱ्या कोणाले ठेवू देणार नाही.

मी येऊन राह्यलो. येत्या आठवड्यात मुकुटबनात असन. गावाले सांगा, पोराचं बूड याही जागी टिकलं नाही, कोणाले नवल वाटणार नाही. रमजान लागायच्या आधी वर्ध्याले जाऊ, नाही तं तुम्ही रोजाचं निमित्त पुढं कराल. पाकीट घेऊन चला. पट्टी निघाली की तिथंच खाटेवर शिवण उसवू. दिसलं तं रंगाले नाव द्या. नाहीच दिसलं तं मी सांगीन, बसून, जसं जमन तसं, नावाशिवाय. पण पहिली पाळी तुमची.

तोवर भिंतीले हात लावू नका. बाई हिरवी राहू द्या, अळी गुलाबी राहू द्या. सदाशिवरावले फक्त एवढं सांगा, खालचा उजवा कोपरा मोकळा ठेव, तिथं कोणाले काही चिकटवू देऊ नको.

तुमचे डबे जागेवर ठेवणारा,
राजदीप