आईच्या मिरचीचं बी

कांदिवली,
६ जानेवारी २०२५

चि. नलूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि तू ओरडतेस, म्हणून लिहितो. आईच्या मिरचीचं काही खरं नाही. आई गेल्यावर आपण बी वाटून घेतलं, त्यातलं तुझ्याकडे मुलुंडला रुजलंच नाही. माझ्याकडे हे एकच झाड तगलं. गावचं घर बंद, तिथली बियांची डबी रिकामी. हे झाड बी न देता गेलं, तर आईची ती आखूड, लालभडक मिरची कायमची संपली.

समोर टॉवर उभा राहिल्यापासून आमच्याकडे ऊन येत नाही. म्हणून हॉलच्या कोपऱ्यात सोडियमचा मोठा पिवळा दिवा लावला होता. त्याखाली झाड झकास वाढलं, फुलांवर आलं. दिवाळीनंतर दिव्याचा होल्डर तापून वितळला, तेव्हा आमच्या सुनेने, रुचिराने, झाडांसाठीचा पांढरा एलईडी दिवा आणून टांगला. आता नवी पानं वाकडी येतात. मिरची धरते आणि जरा वाढली की टोकाला काळी पडून गळते. खत पूर्वीइतकंच देतो, मासळी धुतलेलं पाणीही चुकवत नाही. तरी झाड उपाशी दिसतं. मला रात्री झोप नाही. काय करू ते कळव.

मुलांना आशीर्वाद. रागावलीस तरी पत्र धाडत जा.

तुझा,
दादा

---

मुलुंड,
१० जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. अरे, दोष त्या दिव्याचा आहे, हे लहान पोरालाही कळेल. पिवळ्या दिव्याखाली चांगलं होतं, पांढऱ्याखाली बिघडलं. सूनबाईंना हौस आहे ती चांगलीच, पण आईच्या झाडावर कशाला? जुना दिवा दुरुस्त करून घे. तोवर झाडाला नीट खायला घाल. खत दुप्पट कर, बांगडे धुतलेलं पाणी एक दिवसाआड घाल. आई परसात तेच करायची आणि तिच्या मिरच्या सुपात मावत नसत.

आणि आत्ताच सांगते, एक जरी मिरची पिकली तरी तिचं बी माझ्याकडे यायचं. आईची मुलगी मी आहे.

स्पष्ट बोलते म्हणून माया पातळ करू नकोस.

तुझी,
नलू

---

कांदिवली,
१५ जानेवारी

ती. नलिनीआत्यांना,
रुचिराचा शि. सा. न. वि. वि.

बाबांनी तुमचं पत्र मला वाचून दाखवलं, माझ्यावरची वाक्यं गाळून. पण पत्र टेबलावरच होतं, तेव्हा तीही वाचली. फोन केला असता, पण दोन खोल्यांत बाबांना चोरून बोलायचं कुठे? म्हणून ऑफिसात बसून लिहितेय.

आत्या, झाड उपाशी नाही, त्याला अपचन झालंय. जुना दिवा आग ओकायचा. पानं तापायची, झाड ढसाढसा पाणी प्यायचं, कुंडी संध्याकाळपर्यंत कोरडी. नव्या दिव्याचा उजेड तितकाच आहे, पण ती धग नाही, त्यात थंडीचे दिवस. झाड आता निम्मंही पीत नाही. कुंडी उचलून बघितली, दगडासारखी जड आहे. खत आत साचतंय. शिवाय आपल्याकडे मासे मीठ चोळून धुतात आणि ते मीठही रोज तिथेच मुरतंय. परसात पाऊस सगळं धुऊन न्यायचा, इथे कुंडीखालच्या थाळीत साचलेलं पाणी कुंडी परत शोषून घेते.

मिरचीच्या टोकाला कॅल्शियम लागतं आणि ते झाड पाणी ओढेल तेवढंच वर चढतं. म्हणून टोक काळं पडतं, नवी पानंही वाकडी येतात. साधं पाणी भरपूर घालून माती धुवायची, थाळी ओतून टाकायची. मग कुंडी हलकी लागेल तेव्हाच पाणी, खत निम्मं, सोबत थोडं कॅल्शियम आणि चिमूटभर मॅग्नेशियम. बाजूला छोटा पंखा मंद ठेवायचा, म्हणजे झाड पाणी ओढत राहील. एवढंच करायचंय.

पण काल बाबांनी तुमच्या सांगण्यावरून दुप्पट खत घातलं. मी अडवलं तर म्हणाले, नलूला आईचं सगळं ठाऊक आहे. झाडावर आता एकच चांगली मिरची उरलीय, करंगळीच्या पेराएवढी. ती गेली की वाट लागली. ते फक्त तुमचं ऐकतात. आत्या, मला भीती वाटतेय. कृपा करून त्यांना लिहा.

माझ्यावर राग असेल तर तो झाड वाचल्यावर काढा.

तुमची,
रुचिरा

---

मुलुंड,
१८ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मिळताच मासळीचं पाणी बंद कर. खतही बंद. रुचिरा सांगेल तसं कर आणि मधे मधे करू नकोस. मला सगळं पटलंय असं नाही. पण एकच मिरची उरलीय आणि मी इथून मुलुंडहून कुंडी उचलून बघू शकत नाही, ती बघते.

तिला एवढंच सांग, चुकलं तर मी तिला क्षमा करणार नाही.

नेहमीचीच,
नलू

---

कांदिवली,
१२ मार्च

चि. नलूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मिरची पिकली. टोकापर्यंत लाल, डाग नाही. मधे तीन आठवडे मी रुचिराशी धड बोललो नाही. झाडाला ती साधं पाणी ओतत होती आणि मला वाटत होतं, आईला उपाशी ठेवतेय. मग नवी पानं सरळ यायला लागली, तेव्हा तिच्यासमोर बसून चहा घेतला. ती रडली.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे सगळं बी सुकवून सोबतच्या पुडीत तुला पाठवतोय. पुडी तिनेच बांधली. मिळाल्याचं लगेच कळव, जीव टांगणीला आहे.

तुझा,
दादा

---

मुलुंड,
१७ मार्च

चि. सौ. रुचिरास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पुडी मिळाली. बी हातावर ओतून घेतलं. आईची फार आठवण आली.

हे बी आईला तिच्या सासूने दिलं होतं. आजीला चार मुली होत्या, सगळ्यांनी मागितलं, तिने एकीलाही दिलं नाही. म्हणाली, लेकी जातात, सून राहते. त्या चौघींना त्याचा राग यायचा. मलाही.

पुडी परत पाठवतेय, सगळीच्या सगळी. तुझी सासू असती तर तिने तुझ्या हातात ठेवली असती. ती नाही, म्हणून मी ठेवते. पेरताना मला विचारू नकोस. मी मासळीचंच पाणी सांगेन.

रोपं झाली की एक मला मागायला येईन, तेव्हा नाही म्हणू नकोस.

तुझी,
आत्या