बारक्याची हमी

दि. ४ मार्च

चि. बारक्यास,
मावशीचे अ. उ. आ.

म्हणे आता तुला सगळे ‘साहेब’ म्हणतात. मी काही म्हणणार नाही, आधीच सांगून ठेवते. ज्याचं नाक मी पुसलंय त्याला साहेब म्हणायला माझी जीभ वळायची नाही. फोनवर काही बोलायचं नाही, हल्ली सगळ्यांचे फोन ऐकतात, असं तूच बजावून गेलास. म्हणून हा पत्रांचा उद्योग.

तू निवडून आलास त्या दिवशी माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. इस्त्री तापून तयार, आणि दिवसभरात कपडा एकही झाला नाही. वर्गात कधी न हसणारे आपले मास्तर, त्यांनी फळीवर बसून चक्क गाणं म्हटलं, तेही बेसूर! दवाखान्याची नर्सबाई रडली. रडेल नाहीतर काय? इतकी वर्षं सत्तेवरच्या त्या लोकांनी आपली एक सभा होऊ दिली नाही, बोलेल त्याला उचलून नेलं, आणि आता गल्लीतला दवाखाना मोडून ती जागा कुणाच्या तरी घशात घालायला निघाले होते. तू उभा राहिलास आणि म्हणालास, दवाखाना हलू देणार नाही.

पण खरं सांगू का? तुला इथे कोण ओळखत होतं? शिकायला गेलास तो गेलास. मी घरोघरी इस्त्रीचे कपडे पोचवते, त्या गठ्ठ्यांबरोबर तुझी हमी पोचवत होते. ताई गेली तेव्हापासून मी वाढवलाय, त्याचा शब्द तो माझा शब्द, असं दारादारात सांगितलंय. मास्तरांची बायको तेवढी म्हणाली, माणसाची हमी कशाला देता, कामाचं बोला. मी चिडलेच तिच्यावर. म्हटलं, घरचा मुलगा आहे.

तेव्हा जपून राहा, वेळेवर जेवत जा. आणि शर्ट धुवायला टाकत जा रे, मळक्या कॉलरवर इस्त्री फिरवून काही होत नाही. दवाखान्याची नोटीस कधी मागे घेतायत ते कळव. नर्सबाई रोज विचारते, आणि मी रोज तिला उद्याचं सांगते.

लोभ आहे तो वाढव, म्हणजे मीही वाढवीन.

तुझी मावशी

~

दि. १५ मार्च

ती. मावशीस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि घर आठवलं. मी मजेत आहे. खोली चौथ्या मजल्यावर आहे, खिडकीतून नुसत्या गाड्या दिसतात. कपडे धुवायला माणूस येतो, त्यामुळे कॉलरची काळजी करू नकोस.

इथे सगळे फार चांगलं वागतात, अगदी ते लोकसुद्धा. मला वाटलं होतं, कुणी बोलणार नाही. उलट चहाला बोलावतात, घरचं विचारतात. आत आल्यावर कळतं मावशी, बाहेरून जे सरळ दिसतं ते तितकं सरळ नसतं. नुसतं समोर बसून ओरडत राहिलं तर पदरात काहीच पडत नाही. दवाखान्याचं माझ्या डोक्यात आहे, पण थोडा वेळ लागेल. मास्तरांना सांग, जरा दमानं घ्या. दवाखान्यासमोर धरणं वगैरे आत्ता नको.

आणि एक. येत्या दिवसांत माझ्याबद्दल काही कानावर आलं, तर आधी माझं ऐक, मग लोकांचं. तुझा माझ्यावर विश्वास आहे, हे मला माहीत आहे. त्याच्याच जिवावर सगळं चाललंय.

माया असू दे, रागावलीस तरी असू दे.

तुझा बारक्या

~

दि. २१ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

‘अनेक उत्तम’ लिहायला हात वळला नाही. आहे तेवढ्यावर भागव.

आधी तुझं ऐकायचं होतं ना? ऐकलं. न्हाव्याच्या दुकानातल्या टीव्हीवर, सगळ्या गल्लीबरोबर. ज्यांनी दवाखान्यावर नोटीस डकवली त्यांच्या खांद्याला खांदा लावून तू उभा होतास, आणि हसत होतास. बातम्या देणारी म्हणाली, विकासासाठी पक्ष बदलला. न्हाव्याने आवाज बंद केला. मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं रे, मी भांडले तरी असते! एकेक जण उठून गेला आणि मी तुझ्या शर्टाकडे बघत बसले. कडक, नवाकोरा. इस्त्री माझी नव्हती.

केसाने गळा कापलास, बारक्या. तोंडावर सांगते. त्यांच्यातल्या कुणी केलं असतं तर मी चार शिव्या हासडून कामाला लागले असते. तुला शिव्या देते तर माझ्याच तोंडाला कडू लागतं. चहाला बोलावलं, घरचं विचारलं, आणि तू विरघळलास? इतका स्वस्त होतास का रे तू?

दुकानात गठ्ठे यायचे थांबलेत. टेबलावर दोन चादरी आहेत, त्याही परक्या गावच्या माणसाच्या, त्याला काही माहीत नाही म्हणून. समोरची बाई कपडे घेऊन माझ्या दारावरून पुढे जाते आणि मला दिसू नये म्हणून गठ्ठा पदराआड धरते. त्याने तर जास्तच लागतं.

पण पत्र त्यासाठी नाही. काल मास्तर दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसले. एकटेच, हातात पुठ्ठा, त्यावर ‘दवाखाना आमचा आहे’. पोलिसांनी त्यांना चपला घालायची सवड न देता गाडीत कोंबलं. कुठे ठेवलंय ते त्यांच्या बायकोलाही सांगत नाहीत. तू एक फोन केलास तर सुटतील. आपलं भांडण आपण नंतर भांडू, मी काही विसरत नाही. एवढं मात्र कर. हात जोडून सांगते.

लोभाचं काय करायचं ते तुझं उत्तर आल्यावर बघू.

मावशी

~

दि. २ एप्रिल

माननीय महोदया,
स. न. वि. वि.

आपले दि. २१ मार्चचे पत्र या कार्यालयास प्राप्त झाले. आपण व्यक्त केलेल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे. आपल्या भागातील आरोग्यसेवेबाबत शासन सकारात्मक असून योग्य वेळी योग्य तो निर्णय घेण्यात येईल. पत्रात उल्लेखिलेल्या व्यक्तीबाबत कायदा आपले काम करील. या कार्यालयास त्यात हस्तक्षेप करता येणार नाही.

विकासाच्या वाटचालीत आपले सहकार्य लाभावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सहीचा शिक्का)
लोकप्रतिनिधी

~

दि. १३ एप्रिल

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

महोदया! अगंबाई! मी आधी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं, शेजारणीचं तर नाही ना आलं. मग इतकी हसले की नर्सबाई घाबरून पाणी घेऊन धावत आली. मग रडले. तेही सांगते, त्यात लाज कसली. सही तरी स्वतः करायचीस रे!

त्यानंतर शटर ओढून घरात बसले. वाटलं, संपलं सगळं. ते लोक असेच राहणार, आपली माणसं अशीच त्यांच्यात जाणार, आपण आपली दुसऱ्यांच्या कपड्यांवर इस्त्री फिरवावी आणि डोळे मिटावेत. आणि कपडे तरी कुठे होते इस्त्रीला! अंथरुणातून उठावंसं वाटेना. नर्सबाई डबा आणून ठेवायची.

मग एका सकाळी उठले, ती रागानेच उठले. म्हटलं, हमी मी दिली ना? मग ती परत घ्यायलाही मीच गेलं पाहिजे. दुसरं काही माझ्या हातात नाही, एवढं तर आहे. आणि निघाले. नेहमी हातात गठ्ठा असतो, त्या दिवशी हात कुठे ठेवावेत तेच कळेना. प्रत्येक दारात एकच सांगायचं होतं, मी सांगितलं ते खोटं ठरलं, माझं ऐकून तुम्ही फसलात.

न्हाव्याच्या आईने अर्धं दार उघडून ऐकून घेतलं आणि लावून घेतलं. समोरची बाई मला वाट्टेल ते बोलली, दम लागेपर्यंत बोलली, आणि मग तिनेच चहा टाकला. कोपऱ्यावरचे म्हातारे पोस्टमन म्हणाले, उगाच मोठेपणा घेऊ नकोस, मी मत दवाखान्याला दिलं होतं, तुझ्या भाच्याला नव्हे, आणि दवाखाना अजून जागेवर आहे. मी मटकन त्यांच्या उंबऱ्यावरच बसले. असं म्हणणारे बरेच निघाले, बारक्या. मी आपली समजत होते, सगळी गल्ली माझ्या शब्दावर उभी आहे. लोक स्वतःच्या पायांवर उभे होते.

मास्तरांच्या घरी जायला पाय उचलत नव्हता, म्हणून ते शेवटी ठेवलं. त्यांच्या बायकोने मला आत घेतलं, एवढंच विचारलं की इतके दिवस कुठे होतात. मग मास्तरांचे शर्ट आणून दिले. कोर्टात उभं करणार आहेत, तिथे चुरगळलेले नकोत म्हणाली. तिने वकील गाठलाय, त्याने तुरुंग शोधून तिची मास्तरांशी भेटही घडवली. मास्तर वाळलेत, पण तिथल्या पोरांना गणित शिकवतायत म्हणे.

आता दवाखान्याच्या पायरीवर आम्ही आळीपाळीने बसतो. एकटं कुणी बसायचं नाही, असं ठरवलंय. दुपार माझी असते. शेजारी नर्सबाई रुग्ण तपासत असते, आम्ही भाज्या निवडतो, कुणाची तरी उणीदुणी काढतो. पोलीस येऊन बघून जातो. भीती वाटते, पण घरी बसून जास्त वाटत होती.

हे पत्र तुझ्या कार्यालयास प्राप्त झालं तर त्यांना म्हणावं, भावनांची नोंद नको, पोरगं वाचेल असं करा.

मावशी

~

दि. १९ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हे मी स्वतः लिहितोय, अक्षर ओळखशीलच. ते टाईप केलेलं पत्र माझ्या माणसाने धाडलं, मी पाहिलंही नव्हतं. तुझ्या पायाशपथ.

तू समजतेस तितका मी वाईट नाही. निवडून आल्यावर आठवड्याभरात त्या लोकांनी मला बोलावून एक जुनं प्रकरण समोर ठेवलं, कॉलेजातल्या मोर्चाचं. म्हणाले, आमच्यात या, नाहीतर आत जा. मी घाबरलो. तू असतीस तर काय केलं असतंस, माहीत नाही.

पण आता काहीतरी करता येईल. २७ तारखेला चौकात आमची सभा आहे, मोठे साहेब येणार आहेत. दवाखान्याचा खालचा मजला तसाच ठेवायला ते तयार आहेत. मास्तरांवरचा खटलाही मागे घेतील. तसा शब्द दिलाय मला. फक्त तू स्टेजवर माझ्या शेजारी बस आणि दोन वाक्यं बोल, की माझा माझ्या भाच्यावर भरवसा आहे. गल्ली तुझं ऐकते, हे इथपर्यंत माहीत आहे. गाडी पाठवतो.

मास्तरांसाठी तरी ये. मी दुसऱ्या कुणाकडे मागू?

माया तोडू नकोस.

तुझाच बारक्या

~

दि. २३ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

खोटं कशाला बोलू, मास्तरांचं नाव वाचून मी डळमळले. मनात दोन वाक्यं जुळवूनही झाली. म्हटलं, माझी अब्रू ती काय राहिलीय, आणखी गेली तर गेली, माणूस तर घरी येईल. पण त्यांच्या बायकोला विचारल्याशिवाय कसं जाऊ? नवरा तिचा. सकाळीच पत्र घेऊन गेले आणि वाचून दाखवलं.

ती पोळपाटासमोर बसून ऐकत होती. शब्द कुणी दिलाय, म्हणाली. मी म्हटलं, त्यांच्या साहेबांनी बारक्याला, आणि बारक्याने मला. तर ती हसली! मास्तरांना नेल्यापासून पहिल्यांदा. मग लाटणं बाजूला ठेवून म्हणाली, मला ते घरी हवेत, पण ते आले की पहिलं विचारतील, काय देऊन सोडवलंत, तेव्हा मी काय सांगू? कोर्टात उभं राहू दे त्यांना, पुठ्ठ्यावर चार शब्द लिहिलेत, माणूस मारला नाही. हे बोलताना तिची पोळी तव्यावर करपली. ती काही दगड नाही. मला मात्र जाऊ नका म्हणाली, आणि माझा हात घट्ट धरला.

तेव्हा मी येत नाही. गाडी पाठवू नकोस.

तू घाबरलास, हे मला कळतं. मीही घाबरते. पण घरी यायचं होतंस ना! सांगायचं होतंस, मावशी, मला आत टाकतायत. मी दुकान बंद करून तुझ्या कोर्टाच्या दाराशी येऊन बसले असते, सगळी गल्ली घेऊन आले असते. पक्ष बदललास त्याचा राग आहेच. पण जिवाला लागलंय ते वेगळंच. भीती वाटली तेव्हा तुला मी आठवले नाही, आणि काम पडलं तेव्हा आठवले.

२७ला तुमची सभा चौकात, त्याच वेळी आम्ही दवाखान्याच्या पायरीवर. या वेळी आळीपाळीने नाही, सगळे. न्हाव्याची आईसुद्धा येणार आहे, स्वतःची खुर्ची घेऊन. परवानगी मागितली होती, नाही मिळाली. आम्ही बसणार. दवाखाना वाचेल की नाही, खरंच माहीत नाही. पण ज्या दिवशी मोडायला येतील त्या दिवशी तो रिकामा सापडणार नाही, एवढं आमच्या हातात आहे.

तुझी माणसं आम्हाला गाडीत घालतील. ठाण्यात विचारतील, म्हातारे, तू कुणाची कोण? मी सांगणार आहे, तो चौकात स्टेजवर बसलाय ना, तो माझा आहे, मी वाढवलाय. सांगताना मान खाली जाईल, तरी सांगेन. त्यांना खरं वाटायचं नाही. मग ते तुला फोन लावून विचारतील, ही बाई तुमची कोण. तेव्हा काय म्हणायचं ते आत्ताच ठरवून ठेव.

लोभ आहे. जात नाही, काय करू.

तुझी मावशी