आठ आण्यांएवढी टिकली

१६ जानेवारी १९९४, रविवार
आरशात पाहायची मला सवय नाही. आज पाहिलं ते बेसिनवरचा बल्ब बदलला म्हणून. टिकलीखाली पांढरा ठिपका. मोहरीएवढा. धुतला, घासला, खरवडला. गेला नाही. कपाळाच्या ऐन मध्यावर. शी.

मी १९६२ ची बी. ए., शाळेतून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेली. डागाला घाबरणाऱ्यांतली नाही. पण आमच्या नीलमचं चंदनशी जवळजवळ ठरलंय, आणि चंदनची आई, वासंतीबाई, जुन्या वळणाची. पांढरं दिसलं की 'कोड' म्हणणार, घराण्यात आहे का विचारणार, आणि पुढच्या रविवारी दुसरी मुलगी पाहायला जाणार. लोकांच्या अडाणीपणाची किळस येते.

निश्चय: ठिपक्याकडे लक्ष द्यायचं नाही. मसुराएवढी टिकली बंद, आता चार आण्यांएवढी. डागासाठी नव्हे. माझा चेहरा रुंद आहे, शोभते.

२१ जानेवारी, शुक्रवार
शेजारच्या सुगंधावहिनींकडे हळदीकुंकू. एक वाटी, एक बोट, साऱ्या बिल्डिंगची कपाळं. घाम, पावडर, तेल, सगळं त्या एका वाटीत. मी टिकली काढली नाही. वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, अहो बाई, काढा की जरा, कुंकू काय हनुवटीला लावू? बायका फिदीफिदी.
वाण म्हणून प्लॅस्टिकची साबणदाणी. रंग ओकारीचा.
आपल्याकडे उपयोगी वस्तू द्यायची. कोणीतरी आदर्श घालून दिलाच पाहिजे.

२३ जानेवारी, रविवार
आमचं हळदीकुंकू. वाण: टिकल्यांची पाकिटं. भाईंदर स्टेशनबाहेरच्या बाजारातून घाऊक आणली, मी लावते तीच. गोंद असा की घामाने हलत नाही, ओढली तर कातडी सोबत येते. बायका खूश. वासंतीबाईही आल्या होत्या. विहीण होणार म्हणून त्यांना दोन पाकिटं. म्हणाल्या, नीलमच्या आईंची चॉइस म्हणजे प्रश्नच नाही.
एका बाबतीत तरी अक्कल आहे.

१९ फेब्रुवारी, शनिवार
ठिपका हरभऱ्याएवढा. कमाल आहे. दिवसरात्र झाकून ठेवते. झोपतानासुद्धा. हवा म्हणून लागू देत नाही.

नीलम म्हणते, सिल्व्हर पार्कला स्किनचं क्लिनिक निघालंय, दाखव. बोर्ड पाहिलाय मी. अर्धा चेहरा काळा, अर्धा गोरा, खाली 'कॉस्मेटिक प्रोसीजर'. भरल्या घरच्या बाईने तोंड सोलून घ्यायचं आणि वर फी द्यायची. घाणेरडा प्रकार.

संध्याकाळी पीसीओवरून फोन केला. केवळ चौकशी. लाइन खराब. पांढरा डाग, कपाळावर, माझ्या नाही हो, एका ओळखीच्या बाईंच्या, असं बोंबलून सांगावं लागलं. बूथवाला बाबाजी म्हणतो कसा, मॅडम, अपनी पहचानवाली को बोलो, सुबह खाली पेट नीम खाए. मागची रांग माना डोलावत होती.
डॉक्टर महिन्याच्या शेवटच्या शनिवारीच येतो. या महिन्याचे नंबर भरलेत. २६ मार्चला नाव घातलं.

६ मार्च, रविवार
तयारी सुरू. प्रोसीजर म्हणजे खेळ नव्हे, मन कणखर हवं. पहाटे फिरायचं. तळलेलं बंद. रोज तासभर कोऱ्या कपाळाने घरात वावरायचं, म्हणजे डॉक्टरसमोर टिकली काढताना लाज वाटणार नाही. वाटते असं नाही.
सकाळी बाहेर आले. हे पेपर वाचत होते. वर पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाले, अगं, मी आहे अजून.
तयारी उद्यापासून.

२० मार्च, रविवार
फिरणं जमलं नाही, रस्त्यावर कुत्री फार. तळलेलं बंद होतं, पण साबुदाणावडा उपासाचा. कपाळाचा सराव मात्र नेमाने चालू आहे. बाथरूममध्ये. दिवा बंद करून.
टिकली आता आठ आण्यांएवढी. नीलम म्हणते, आई, पोस्टाचा शिक्का मारल्यासारखं दिसतंय. हल्लीच्या मुलींना डिग्निटी कशाशी खातात ते माहीत नाही.

२६ मार्च, शनिवार
डॉक्टर चंदनच्या वयाचा. भाषण पाठ करून गेले होते: ओळखीच्या एक बाई आहेत, घरात कार्य आहे, डाग कापा, सोला, जाळा, त्या घाबरत नाहीत. त्याने मध्येच तोडलं. म्हणाला, बरं, मग त्या बाईंची टिकली काढा.
काढली.
कोड नाही म्हणे. टिकलीच्या गोंदाने झालंय, झाकाल तेवढं पसरेल. कापायचं नाही, जाळायचं नाही. एक मलम आणि सहा महिने कपाळ मोकळं. घरातली पाकिटं फेका, कुणाला देऊ नका.
एवढ्या तयारीनंतर प्रोसीजर काय, तर काही न लावणं!
शेअर रिक्षात बसल्यावर वाण आठवलं.

२७ मार्च, रविवार
शांतपणे विचार केला. पाकिटं दिली, लावायची सक्ती केली नव्हती. सांगायला गेलं तर आधी आपलं कपाळ दाखवावं लागेल, आणि नीलमचं फिसकटेल. लग्न झाल्यावर सांगेन. शास्त्रीय माहिती योग्य वेळीच द्यावी.
टिकली फक्त पाहुण्यांपुरती लावते. आज पाहुणे नव्हते. येण्याची शक्यता होती.

३ एप्रिल, रविवार
हे तापाने दोन दिवस आडवे. काल रात्री डॉक्टरला घरी बोलवावं लागलं. आणि आज वासंतीबाई हजर, साखरपुड्याची तारीख काढायला. संक्रांतीला त्यांची टिकली मसुराएवढी होती. आज आठ आण्यांएवढी.

त्या हळूच कपाळ खाजवायच्या, मी पाहिलं की हात खाली. म्हणाल्या, तुमच्या त्या टिकल्या फार छान, संपत आल्या, अजून मिळतील का?

लग्नानंतर सांगायचं ठरलं होतं. पण तोवर ही बाई माझ्याच पाकिटातलं लावत बसणार. उठले, टिकली ओढून काढली. आवाज वर्गातला लागला. म्हटलं, नीट बघा, आणि कोड म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून टाका.

मग त्यांनी आपली काढली. वाटाण्याएवढा. महिनाभर त्यांना झोप नव्हती. नीलमची आई शिकलेली कडक बाई, तिने पाहिलं तर आमच्या चंदनचं मोडेल, म्हणून. मी गोंदाचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं. त्या म्हणाल्या, अगं बाई, म्हणजे हे तुमचंच वाण होय! आणि हसत सुटल्या. हसता हसता डोळ्यांना पदर. तशाच जिना उतरल्या, कोऱ्या कपाळाने.
साखरपुडा पक्का. मी पहिल्यापासून सांगणारच होते.
निश्चय: उद्या टिकलीशिवाय खाली जायचं आणि हळूहळू सर्वांना सांगायचं. लोक कपाळाकडे पाहत नसतात.

४ एप्रिल, सोमवार
सकाळी दुधाला गेले. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, हल्ली इकडे चेन खेचतात. वॉचमन सदू उठून उभा राहिला. दूधवाल्याने सुट्ट्या पैशांसाठी हुज्जत घातली नाही. जिन्यात बायका बोलता बोलता गप्प झाल्या, वाट दिली. कणखर चेहऱ्याचा परिणाम.

दुपारी बेल. मी मोरीत. दार यांनी उघडलं, बनियन आणि मफलर. बाहेर सुगंधावहिनी, मागे फिक्या साड्यांत सारा मजला. वहिनींच्या हातात पातेलं. पिठलं-भात. परवा रात्री डॉक्टर आलेला त्यांनी पाहिला, काल वासंतीबाई डोळे पुसत उतरताना पाहिल्या, आज माझं कपाळ. घरात चूल पेटली नसेल म्हणून घेऊन आल्या.
वहिनी किंचाळल्या. हे म्हणाले, या ना, काय आणलंय?

मी बाहेर येऊन टिकलीचं सगळं समजावून सांगितलं. एकेकीचा हात कपाळाकडे गेला. तेवढ्यात सदू हार घेऊन वर आला.

यांचा ताप उतरलाय. पिठलं दोनदा वाढून घेतलं. माझ्या हातचं कधी दोनदा मागितलं नव्हतं.