एका रुमालाखाली पाच हात

तीर्थस्वरूप मामासाहेबांचे चरणी अकोल्याच्या कापूस-बाजारातून महादेवाचा दंडवत. आपला गुडघा आता वळतो का? मामींचा दमा उतारावर असावा. माझे क्षेम विचारू नये. उजवा हात गळ्यात बांधला असून हे डाव्याने लिहितो आहे.

यंदा आम्ही गावच्या पाच शेतमालकांनी (कल्पना माझी) सगळा कापूस इथे बाजारात आणून एकाच गंजीत घातला. विलायतेपलीकडे कुठेशी लढाई चालू आहे, तिथला कापूस अडला आहे, तिच्या कृपेने इथे भाव सोन्याचा. मग एकेकट्याने अडत्यापुढे का वाकावे? मी पारावर बजावले की आजपासून लहानमोठा कोणी नाही, सगळेच मालक. (वेचणाऱ्या बाया तेव्हा शेतात होत्या, म्हणून त्यांना विचारायचे राहिले.) बाजारात मात्र घोळ झाला. इथे भाव ठरतो रुमालाखाली अडत्याची बोटे दाबून, आणि विकणाऱ्यांतून हात घालायचा एकाने. सगळेच मालक, तेव्हा पाचही हात आत गेले. मी चार बोटे दाबली, समोरच्याने दोनच. मी चिडून पिळले, त्याने माझा अंगठा मुरगळला. बऱ्याच वेळाने रुमाल उचलला तर तो हात आमच्याच रामरावांचा. अडत्या केव्हाच पाणी प्यायला गेला होता.

मग ठरले की ज्याचे गंजीत काहीच नाही, त्याचाच हात निःस्वार्थी. वेचणारी मैनाबाई बाकीच्या बायांबरोबर पोती शिवायला आली होती, तिला बोलावले. ती म्हणाली, "हात घालीन, पन पयले माहा वाटा किती ते सांगा." सगळे सारखे म्हटल्यावरही माणसे वाटा मागतात, याचा मला फार खेद झाला. आम्ही नाही म्हटले, तशी ती बायांना घेऊन गंजीवर जाऊन बसली. उठत नाही. या भावाच्या भरवशावर मी माडी बांधायला काढली आहे, भिंती अर्ध्या उभ्या आहेत. भाव पडला तर वर छप्पर यायचे नाही, या धास्तीने माझी झोप उडाली आहे.

आपला आज्ञाधारक भाचा,
महादेव

ता. क. — आपल्या तीन गाड्या गुपचूप पाठवाव्या. गंजीतला वरचा स्वच्छ कापूस माझा. तो आपल्याकडे अमरावतीस वेगळा विकीन. (रामरावही शेजारी बसून आपणांसच पत्र लिहीत आहेत. त्यांना गाड्या देऊ नयेत.)

पुन्हा ता. क. — गाड्या नकोत. लढाई संपल्याची तार मुंबईहून आली, भाव कोसळला. आम्ही पाचही जणांनी हात जोडून (मी डावाच) मैनाबाईला बरोबरीचा वाटा कबूल केला. ती गंजीवरून उतरली, लुगडे झटकले आणि म्हणाली, "वाटा राहू द्या तुमालेच. मले माहा वेचणीचा रोज द्या."