विधवा, असं मी लिहून दिलं

दि. ४ मार्च, मंगळवार
लाँड्रीच्या मागच्या खोलीतून, दुपारी

ती. वन्सं,

नमस्कार. तेवीस वर्षांनी अक्षर ओळखलंत ना? आधी खाली बसा, चष्मा लावा, आणि हे पत्र तुमच्या भावाच्या हाती पडू देऊ नका.

मी लग्न करतेय! बावन्नाव्या वर्षी! बघा, अक्षर कसं नाचतंय.

नवरदेव अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. प्लंबर. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. दोन-अडीच वर्षांपूर्वी आमच्या लाँड्रीतला बॉयलर गळायला लागला म्हणून आले आणि चार दिवसांचं काम त्यांनी तीन आठवडे पुरवलं. मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, हे बॉयलर बघायला येतात की तुला?" मी मान खाली घालून इस्त्री फिरवत राहिले आणि गिऱ्हाइकाची कॉलर जाळून बसले.

लग्न त्यांच्या चर्चमध्ये करायचं ठरलं. मला वाटलं, पाळक विचारणार, आपण "हो" म्हणायचं, झालं. कसलं काय! पाळक म्हणाले, "आशीर्वाद मी देईन हो, पण कायद्याचं लग्न हवं तर आधी नोंदणी कचेरीत जा." चर्चला लग्न लावायचा परवाना लागतो, तो आहे म्हणे. आम्हाला मात्र जन्माचे दाखले, राहण्याचा पुरावा, ओळखपत्रं, शिवाय पंधरा दिवस आधी नोटीस. ती कचेरीच्या आणि चर्चच्या फलकावर लागते. कुणाची हरकत असेल तर त्याने येऊन सांगावं. माझ्यावर कोण हरकत घेणार, म्हणून मी हसलेसुद्धा.

कचेरीत कारकूनबाईंनी प्लंबरसाहेबांना विचारलं, "आधीचं लग्न?" त्यांनी बायकोच्या मृत्यूचा दाखला काढून हळूच टेबलावर ठेवला. मग बाई माझ्याकडे वळल्या. आणि वन्सं, माझ्या तोंडून पटकन निघालं, "विधवा."

सवय हो, दुसरं काय! इथे आले तेव्हा मला खोली मिळेना. नवऱ्याने घटस्फोट दिलाय म्हटलं की घरमालकिणी दार लोटायच्या. चौथ्या घरी म्हटलं, नवरा वारला. लगेच चहा मिळाला, खोलीही मिळाली. मग तुमचा भाऊ माझ्यापुरता मेलेलाच राहिला. तापाने नेला मी त्याला, फार हाल केले नाहीत. तरी माफ करा.

तुमची पत्रं मिळत होती. सहाच्या सहा. घरमालकीण विचारायची, "सासरहून का?" मी "हो" म्हणायचे आणि पाकीट पटकन पदराखाली घ्यायचे. कुणी वाचलं तर? आत "तो बरा आहे" एवढं जरी असलं तरी मेले! पत्रं यायची थांबावीत म्हणून एकाचंही उत्तर दिलं नाही. त्या घरात माझ्या बाजूने बोलणाऱ्या तुम्ही एकट्या, माझी बॅग स्टँडपर्यंत तुम्ही उचललीत, आणि मी तुमच्याशीच असं वागले. लाज वाटते.

तर कारकूनबाई म्हणाल्या, "पतीच्या मृत्यूचा दाखला शुक्रवारपर्यंत आणा. इथे सही करा. माहिती खोटी निघाली तर गुन्हा होतो." आणि मी केली की सही! आता फलकावर माझ्या नावापुढे "विधवा" लागलंय. दाखला कुठून आणू? माणूस तिकडे धडधाकट! प्लंबरसाहेबांनाही हेच ठाऊक आहे. त्यांना कसं

बुधवार, सकाळी अकरा

काल पेन तिथेच ठेवलं. तुम्हाला खरं सांगायचं आणि त्यांना नाही, हे काही बरोबर नाही. म्हणून सकाळीच त्यांना गाठलं. शाळेच्या स्वयंपाकघरात सिंकखाली आडवे होते. तोंड दिसत नव्हतं ते बरंच झालं, एका दमात सगळं ओकून टाकलं. पान्याचा आवाज थांबला. ते बाहेर आले.

"म्हणजे दोन वर्षं दर रविवारी मी ज्याच्यासाठी मेणबत्ती लावतोय, तो माणूस जिवंत आहे?"

"हो."

"तब्येत?"

"ठणठणीत असावी."

ते हसले नाहीत. फडक्याने हात पुसत बसले, पुसून झालेले हात परत पुसले. मग म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही गेला असतात तर?" म्हटलं, आणि रडूच फुटलं मला, शाळेच्या स्वयंपाकीणबाईंसमोर!

"बरं, चला कचेरीत," म्हणाले. रस्ताभर माझ्या चार पावलं पुढे चालत होते. कचेरीच्या पायरीवर मात्र खांदे गदगदायला लागले, मला वाटलं रडतायत, तर हसत होते! "एकशे चार मेणबत्त्या!" म्हणाले.

कारकूनबाई आधी तापल्या. मग "विधवा" खोडून "घटस्फोटित" लिहिलं, शेजारी माझी सही घेतली. नोटीस नव्याने लागली, पंधरा दिवस पुन्हा पहिल्यापासून. आता लग्न शनिवारी, बावीस तारखेला, सकाळी दहाला!

फक्त घटस्फोटाच्या हुकुमाची शिक्क्याची प्रत हवी. माझी मी केव्हाच फाडून टाकली. कोर्टाकडून नवी मिळायला दोन महिने लागतात. पण तुम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्यासुद्धा वर्षवार लावून ठेवणाऱ्या, तुमच्या भावाची प्रत तुमच्या पेटीत असणारच. ती नसली तर बावीसला लग्न नाही, वन्सं.

आणि अजून एक. लग्नाला दोन साक्षीदार लागतात. एका ओळीवर मालकीणबाईंचं नाव घातलंय. दुसऱ्या ओळीवर न विचारता तुमचं घालून आले. पेनाने लिहिलंय, आणि त्या फॉर्मवर माझी एक खाडाखोड आधीच झालीय, कारकूनबाई आता दुसरी करू देणार नाहीत.

म्हणून तो कागद टपालाने पाठवू नका. घेऊनच या. तेवीस वर्षांचा राग असेल तोही बरोबर आणा, मी ऐकून घेईन. पण या.

त्या कागदाप्रमाणे तुमची कुणीच नसलेली,
तुमचीच,
भावजय