खळ्यावरची फुली

८ नोव्हेंबर १९६५
आमच्या खळ्यावर चुन्याची फुली! आणि मारणारा कोण, तर माझाच नवरा. सर्व्हेवाल्यांकडे कामाला लागल्यापासून धाकलूचे पाय जमिनीला लागत नाहीत. नदीला धरण होणार म्हणे. पाणी जिथवर चढेल तिथवर काठ आखायचा. दरीत वाट नाही, म्हणून हेलिकॉप्टरातून मोजायचा. वरून दिसावी म्हणून ही फुली. खळं आणि खालची शेतं पाण्यात, वरचं घर शाबूत.

"घर ऱ्हातंय न्हवं?" म्हणतो. घरात काय भात झोडायचं?

१० नोव्हेंबर
सकाळी मी आणि सासूबाईंनी शेण कालवलं, खळं सारवून टाकलं. फुली गडप. कापणी तोंडावर आलेली, खळं तसंच ठेवतं का कोणी?

हेलिकॉप्टर नुसतं घिरट्या घालून गेलं. कोंबड्या रानात पळाल्या. संध्याकाळपर्यंत हुडकत होते मेल्या.

११ नोव्हेंबर
धाकलूने परत फुली मारली.

१२ नोव्हेंबर
मी परत सारवलं.

१५ नोव्हेंबर
फुली सापडेना म्हणून सर्व्हेचे साहेब स्वतःच हेलिकॉप्टरातून खाली उतरले. बूट घालून थेट खळ्यात! सासूबाई कुठल्या ऐकतात — "आदी भाईर व्हा. खळ्यात पायताण चालत न्हाई." काढले बिचाऱ्याने. मग सगळा राग माझ्यावर. सरकारी कामात अडथळा आणताय, जोयड्याला सर्व्हेच्या कचेरीत यावं लागेल, म्हणाले.

मी म्हटलं, "येत्ये की. हिकडं बस न्हाई, हेलिकॉप्टर धाडा."

जाताना साहेबांनी सगळ्या काठाची मापं पुन्हा घ्यायला लावली. धाकलू खाली मान घालून हसत होता, मी पाहिलं.

१६ नोव्हेंबर
आज शेणाची बुट्टी धाकलूनेच आणून ठेवली. इतके दिवस त्याच्यावर चिडले होते, आज रडूच आलं.

२१ नोव्हेंबर
खळ्याची पूजा करून झोडणीला सुरुवात. भात चांगलं उतरतंय. फुली मारायला कोणी फिरकलं नाही. जिरवली की नाही!

२३ नोव्हेंबर
धाकलू चुन्याची पाटी घेऊन आला. मी आडवी उभी राहिले. तो खळ्याकडे न बघता पुढे गेला, घराच्याही वर, पार देवाच्या राईपर्यंत चढला. तिथे फुली मारली. नव्या मापात काठ वर सरकला म्हणे.

म्हणजे घरही पाण्याखाली.

खळ्यावर अजून निम्मं भात आहे. ते झोडून घेते.