दीडनंतरची काडी

प्रिय शिवू,

अनेक आशीर्वाद. तुझं पार्सल शुक्रवारी मिळालं. बाबांचा दम्याचा पंप, दोन टॉवेल, देवाला कापूर आणि ते उपग्रहाचं मोठं रंगीत चित्र. वर एकशे चाळीस रुपयांचं तिकीट बघून जीव हळहळला. कापूर बिलोलीतही मिळतो गं. पंप मात्र अगदी वेळेवर आला. दुपार झाली की गावावर धूर येऊन बसतो, आणि बाबा तोंडाला उपरणं लावून माजघरात.

चित्र मी देवघराशेजारी चिकटवलं. लाल ठिपका म्हणजे जळतं रान, करडा पट्टा म्हणजे वाऱ्यावर निघालेला धूर, असं तू मागे लिहिलंस म्हणून कळलं. लहानपणी माळवदावर उभी राहून, धूर बघून कुणाच्या घरी पुरण शिजतंय ते सांगायचीस. आता नागपुरात बसून सगळ्या मराठवाड्याचा धूर सांगतेस. बाबांनी चष्मा लावून आपलं शिवार शोधलं. तिथं एकच ठिपका. तेव्हापासून मला घास गोड लागेना.

तो ठिपका वीरण्णाच्या रानात आहे, आपल्या बांधाला लागून. तलाठी गुरुवारी तोच ठिपका मोबाइलात घेऊन आले. त्याने बंदी असताना कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या म्हणून नोटीस दिली, पुढच्या बुधवारी तहसिलात बोलावलंय. त्याची काढून रचलेली हरभऱ्याची सुडी त्याच आगीत राख झाली. तो म्हणाला, साहेब, मी माझ्याच सुडीला काडी लावीन का? तर म्हणे, वरून फोटो आलाय, फोटो खोटा बोलत न्हाई. नागुबाई, त्याची म्हातारी, धुरानं धाप लागून तीन दिवस नांदेडच्या दवाखान्यात होती. मी पेज घेऊन गेले तर वीरण्णा हसत म्हणाला, वहिनी, तुमच्या पोरीचा डोळा आभाळात हाय, तिलाच पुसा की माझ्या रानात कोण आलतं. त्याने मस्करीच केली. मी मात्र डबा ठेवून तशीच परत आले.

तुला एक ठाऊक नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी विचारलं म्हणून तू सांगितलंस, उपग्रह दुपारी दीडच्या सुमाराला वरून जातो. तू कौतुकानं सांगितलंस. पण तेव्हापासून गावात त्याचं नाव ‘दीडची गाडी’ पडलं. गाडी गेली का, असं विचारायचं आणि मग काडी ओढायची, म्हणजे फोटोत ठिपका येत नाही. पंचफुला तर म्हणते, शिवांगीनं आपल्याला टाइमटेबल दिलं. सगळे हसतात. मीही हसले होते.

आता लिहिते. हे बाबांना ठाऊक नाही, आणि फोनवर बोलता येत नाही, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून तो मोठ्यानंच लावावा लागतो. आपल्या पऱ्हाट्यांची कुट्टी करायला ट्रॅक्टरवाला दोन हजार सांगत होता. मी वाचवले. हिशेबाच्या वहीत तसं लिहिलंसुद्धा, ‘कुट्टी, वाचले’. तलाठी आले त्याच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी बाबा बाजारात गेल्यावर, रेणुकामातेचं नाव घेऊन, गाडी गेल्यावर तीन वाजता मीच ढीग पेटवला. सांजेला वर राख दिसली, म्हणून घरी आले. पाणी मारलं नाही. बुंध्यांत निखारा राहिला असणार. दुसऱ्या दिवशी भर दुपारी वारा सुटला, आग बांधावरून वीरण्णाकडे गेली, आणि नेमकी त्याच वेळी तुझी गाडी वरून गेली. म्हणून ठिपका त्याच्या नावावर पडला, शिवू. काडी माझी होती.

बुधवारी मी तहसिलात जाऊन हे सांगणार आहे. त्याची सुडीही भरून देईन. ते ठरलंय, त्याबद्दल तुला विचारत नाही. पण वेळ कुणी सांगितली, असं तिथं कुणी विचारलं, तर तुझं नाव माझ्या तोंडून निघेल. देवासमोर बसून खोटं बोलले नाही, तिथं कशी बोलू? तुझ्या नोकरीवर काही येईल का? येणार असेल तर आधी तूच तुझ्या साहेबांना सांगून टाक, माझ्याकडून त्यांना कळायला नको. हे पत्र स्पीडपोस्टानं टाकते. उत्तरही तसंच उलट टपाली पाठव, बुधवारच्या आत. या वेळी तिकिटाला किती लागले ते मी बघणार नाही.

तुझीच,
आई